फुटक्या कौलांचा बाक की कच्च्या मातीचा? विद्यार्थ्यांच्या वर्कशॉपसाठी काय निवडायचं

मातीच्या टाकाऊ मालातून पोरांकडून सार्वजनिक जागेसाठी बाक करून घ्यायचा असेल तर सगळ्यात आधी बघा की जवळचा माल कच्चा आहे की भाजलेला. साधारण ६०० अंशांच्या पुढे भाजलेली माती परत कितीही भिजत घाला, मळता येत नाही. म्हणजे फुटकी कौलं, विटा, मडकी ही खडीच धरा, आणि कुंभाराच्या चाकाखालचा गाळ किंवा भट्टीत न गेलेली भांडी ही अजून मातीच आहे.

कच्च्या मातीत वाळू नि पेंढा घालून पायांनी तुडवायचं आणि थरावर थर रचत जायचं, खर्च जवळपास नाहीच, सगळ्या वर्गाला एकाच वेळी काम मिळतं आणि पोरं यात सगळ्यात जास्त रमतात. फक्त जुनी माती पूर्ण कडक सुकवूनच भिजवा, अर्धवट ओली टाकली तर गोळे आतून तसेच राहतात. पण खाली दगडी जोतं आणि वर छप्पर हवंच हवं. छप्पर नसेल तर या वाटेला जाऊच नका, पोरांनी जीव ओतून केलेली वस्तू पहिल्या मोठ्या पावसात विरघळलेली त्यांना बघायला लागणं मला अजिबात पटत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे त्याच मातीत विटांचा चुरा मिसळून ब्लॉक पाडायचे आणि भाजायचे. चुऱ्यामुळे माती कमी आकसते, तडेही कमी जातात. टिकाऊ आहे, पण भट्टी हाताशी हवी आणि जाड ब्लॉक सुकायलाच आठवडे जातात, त्यामुळे सत्रभर वेळ असेल तरच. आणि जुन्या मातीत प्लास्टरच्या साच्याचा बारीकसा तुकडा जरी राहिला तरी भाजल्यानंतर तिथला टवका उडतो, तेव्हा चाळून घ्यायचा कंटाळा नको.

दोन-चार दिवसांचंच वर्कशॉप असेल तर मी तिसराच पर्याय घेईन, भाजलेले तुकडे सिमेंटमध्ये ओतून केलेली बैठक. बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमधला गौदी आणि जुजोल या वास्तुकारांचा लांबलचक नागमोडी बाक फुटक्या टाइल्सनीच मढवलाय आणि लोक आजही त्यावर बसतात. विटांचे तुकडे रात्रभर भिजवून ठेवा, नाहीतर ते मालातलं पाणी शोषतात आणि सिमेंट कच्चं राहतं. १२० बाय ४० सेंटीमीटरची ६ सेंटीमीटर जाड लादी ६५ किलोच्या आसपास भरते, आत सळी टाका आणि शक्यतो दोन भागांत ओता म्हणजे उचलताना कुणाची बोटं सापडणार नाहीत. आठवडाभर ओली ठेवा, पूर्ण ताकद २८ दिवसांनी येते, तोवर कुणाला बसू देऊ नका. सिमेंट वापरावं लागतं हे मलाही खटकतं, चुना-सुरखी (सुरखी म्हणजे विटांची बारीक पूड) वापरता येते, कमी भाजलेल्या विटेची सुरखी तर उत्तम, पण ती इतकी सावकाश घट्ट होते की छोट्या वर्कशॉपमध्ये जमत नाही.

धुळीच्या बाबतीत मात्र तडजोड नको. विटा-कौलं फोडताना उडणारी सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसते, म्हणून तुकडे ओले करूनच फोडा, मास्क आणि गॉगल सगळ्यांना, कोरडा झाडू मारायचा नाही, आणि ग्राइंडर फक्त मोठ्यांच्या हातात. बैठक ४५ सेंटीमीटर उंचीवर बसवताना तिला पुढे किंचित उतार द्या, पाणी साचत नाही. मग कडांवरून उघडा हात फिरवा, जिथे टोचेल तिथे परत घासा.