रेकॉर्डिंगवाल्या सेटटॉप बॉक्सचं पिन-कुलूप: एक हंगाम वापरल्यानंतर

चॅनल किती, पॅक कोणता, एचडी घ्यावं की साधं, यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. मला एकाच गोष्टीवर लिहायचं आहे, कारण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही आणि आमच्या घरात तिच्यापायी रोज खोळंबा होतो. रेकॉर्ड करून ठेवलेला सिनेमा लावला, की बॉक्स चार आकड्यांचा पिन मागतो. मुलांसाठी ही सोय आहे हे कळतं. पण आमच्याकडे तो सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो माझ्या आईला, आणि तिची पंच्याहत्तरी उलटली आहे.

आधी रेकॉर्डिंगची गरज का पडली ते सांगतो. आम्ही दारव्हा तालुक्यातले. रब्बीत हरभरा-गव्हाचं ओलित असतं आणि थ्री फेजची लाईन रात्रपाळीची आली की रात्री वावरात जावंच लागतं. चांगले सिनेमे नेमके रात्री नऊला. ते पाहणं म्हणजे ओलित सोडणं, आणि ओलित कोण सोडतो? मग कापसाचे पैसे आल्यावर रेकॉर्डिंगचा बॉक्स घेतला. मागे पेनड्राईव्ह लावायचा, गाईडमध्ये सिनेमा निवडायचा, लाल बटण दाबायचं. साडेतीन तासांचा एचडी सिनेमा जाहिरातींसकट आठ-दहा जीबी खातो, त्यामुळे मी साध्या चॅनलवरूनच रेकॉर्ड करतो. रेकॉर्डिंगचे पैसे कंपनी दर महिन्याला वेगळे घेते. ते मला पहिल्यापासून खुपतात, कारण पेनड्राईव्ह माझा, वीज माझी आणि चॅनलचे पैसे आधीच भरलेले.

आईचं पाहणं दुपारचं. आम्ही वावरात, मुलं शाळेत, घरात ती एकटी. तिच्यासाठी जुने कृष्णधवल मराठी सिनेमे आणि पौराणिक हिंदी सिनेमे मी जमवून ठेवतो. ती एका बैठकीत सिनेमा पाहत नाही. अर्धा तास पाहते, मग शेजारची काकू येते, मग डोळा लागतो, मग लाईन जाते. दर वेळी बंद करून पुन्हा लावलं, की पिन. एकाच सिनेमाला एका दुपारीत तोच पिन पुन्हा पुन्हा. मी संध्याकाळी आलो की पहिलं वाक्य हेच: "बापू, हे पुन्हा चांदण्या मागून राह्यलं."

चांदण्या म्हणजे पडद्यावर उमटणारी फुल्यांची चिन्हं. कोणता आकडा दाबला गेला ते त्यात दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला रिमोटवरचे आकडे आधीच नीट दिसत नाहीत, त्यात चूक कुठे झाली तेही कळायचं नाही. तीन वेळा चुकलं की बॉक्स दहा मिनिटं अडून बसतो. मग ती टीव्ही बंद करून ओट्यावर जाऊन बसते. पैसे भरून घेतलेली वस्तू आणि घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस तिच्यापुढे हात टेकतं, याचा मला मनापासून राग येतो.

त्यावर मी एक उपाय केला. रिमोटच्या पाच आकड्यावर एक बारीक उंचवटा असतो, बोटाला लागणारं टिंब. आईला म्हटलं, पाहूच नको, टिंब शोध. त्याच्या वर दोन, खाली आठ, आणखी खाली शून्य. पिन ठेवला 2580, म्हणजे अंगठा सरळ वरून खाली. तिला दोन दिवसांत जमलं. चौथीतल्या पोराला मात्र एका दुपारीत जमलं, कारण अंगठा सरळ रेषेत उतरताना खाटेवरूनही दिसतो. चार आकड्यांत दहा हजार पिन बसतात खरे, पण म्हाताऱ्या बोटाला सोपा आणि पोराच्या डोळ्याला अवघड असा त्यातला एक शोधून पाहा.

आता या कुलपाचं पोट कसं चालतं ते. बॉक्समध्ये दोन प्रकारची कुलपं असतात. एक चॅनलचं, म्हणजे ते चॅनल लावलं की पिन. दुसरं वयाचं. डीव्हीबी नावाच्या ज्या पद्धतीवर आपल्याकडचे डिशचे बॉक्स चालतात, तिच्यात कार्यक्रमाच्या नाव-वेळेसोबत वयाचाही एक आकडा पाठवायची सोय आहे. आकड्यात तीन मिळवले की किमान वय निघतं: एक आला तर चार वर्षं, दहा आला तर तेरा वर्षं. आपण मेनूत एक वय ठरवायचं, त्याहून वरचं काही लागलं की बॉक्स पिन मागतो. रेकॉर्ड करताना हा आकडा सिनेमासोबत पेनड्राईव्हवर उतरतो आणि तिथेच चिकटून बसतो. नंतर मेनूत वय बदलून पाहिलं, तर चालू चॅनलवर लगेच फरक पडतो. आमच्या बॉक्समधल्या आधीच्या रेकॉर्डिंगवर काहीही फरक पडत नाही.

आणि हा आकडा पाठवतो कोण? चॅनल. तिथे मन लावून काम होत असतं तर माझी तक्रार नव्हती. आई ज्या चॅनलचे सिनेमे पाहते त्याचे सगळेच सिनेमे आमच्या बॉक्सला एकाच वयाचे दिसतात, भक्तिपट असो की मारधाड. उलट दुसऱ्या एका चॅनलवरून मी एक नवा सिनेमा रेकॉर्ड केला होता. पहिल्या दहा मिनिटांत माणसाचा हात तोडताना दाखवला आहे. त्याला आकडाच नव्हता. तो बिनकुलपाचा उघडला आणि पोरगा समोर जेवायला बसलेला. ताट बाजूला सरकवून तो उठून गेला, मी रिमोट शोधेपर्यंत. संतांवरच्या सिनेमाला कुलूप आणि हात तोडणारा सताड उघडा, तर ते कुलूप कोणासाठी आहे?

हा गोंधळ आणखी एका वाटेनं होतो. जाहिराती लांबल्या की कार्यक्रम सरकतात, गाईडमधली वेळ सरकत नाही. वेळ टाकून कीर्तन रेकॉर्डला लावलं होतं. ते उशिरा सुरू झालं, नोंद झाली पुढच्या सिनेमाच्या नावानं आणि त्याच्याच वयानं. यादीत कीर्तन दिसेना. सापडलं तेव्हा त्याला पिन.

सिनेमाच्या प्रमाणपत्रावरून बॉक्सला आपोआप कळत असेल असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. प्रमाणपत्र सेन्सॉर बोर्डाचं, 1952 च्या कायद्याखाली. त्यातला यूए हा प्रकार 1983 साली आला आणि त्याचा अर्थ होता बारा वर्षांखालच्या मुलांनी मोठ्यांच्या सल्ल्यानं पाहावं. 2023 च्या दुरुस्तीनं यूएचे तीन भाग केले: सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे. ए प्रमाणपत्राचा सिनेमा जसाच्या तसा टीव्हीवर दाखवता येत नाही, काटछाट करून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. म्हणजे घराच्या दृष्टीनं खरा कामाचा फरक यूएच्या आतला आहे, सात की सोळा. ते प्रमाणपत्र सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर येतं, ते आपल्यासाठी, चित्र म्हणून. बॉक्स ते वाचत नाही, तो फक्त चॅनलनं पाठवलेला आकडा पाहतो. आणि रेकॉर्डिंग दोन मिनिटं उशिरा सुरू झालं तर आपल्यालाही ते दिसत नाही.

मृगाच्या पहिल्या पावसात वीज कडाडली आणि बॉक्स गेला. डिशवाला तालुक्याहून आला, नवा बॉक्स लावला, पेनड्राईव्ह खोचला आणि म्हणाला, "भाऊ, हे फॉर्मेट मारा लागते." का, तर रेकॉर्डिंग ज्या बॉक्सनं केलं त्याच बॉक्सवर चालतं. फाईल बॉक्सच्या आतल्या चावीनं बांधलेली असते. कॉम्प्युटरवर नाही, दुसऱ्या टीव्हीवर नाही, त्याच कंपनीच्या नव्या बॉक्सवरही नाही. चोरटी नक्कल होऊ नये म्हणून असं करतात हे समजू शकतो. पण विकताना हे कोणी सांगितलं नाही, आणि आईसाठी जमवलेला सगळा साठा एका बटणानं गेला. पिनही कंपनीच्या मूळ पिनवर आला, जो पुस्तिकेत छापलेला असतो. तो बदलायला गेलो तर नव्या बॉक्सनं घेतला नाही. कस्टमर केअरला फोन लावला. ओटीपी गेला नोंदणीच्या नंबरवर, आणि तो नंबर पुण्यातल्या धाकट्या भावाचा, कारण पहिला रिचार्ज त्यानं केलेला. तो कामावर, फोन सायलेंटवर. नंबर बदलायचा तर त्यालाही ओटीपी त्याच नंबरवर. दिवसभर हे चाललं. समोरची मुलगी नम्रपणे बोलत होती, तिच्यावर राग नाही. शेतकऱ्याचा एक दिवस असा जातो याची कुठे नोंद होत नाही, त्याचा राग आहे.

इथपर्यंत पोळ्याच्या सुमारास लिहून ठेवलं होतं आणि शेवटी 'घेऊ नका' असं लिहिणार होतो. ते आता लिहीत नाही, कारण मधे दोन गोष्टी झाल्या.

एक, बॉक्सचं सॉफ्टवेअर रात्रीतून बदललं. आता एका सिनेमाला एकदा पिन दिला की बॉक्स बंद करेपर्यंत तो पुन्हा विचारत नाही. काकू आली, डोळा लागला, तरी चालतं. लाईन गेली की मात्र पुन्हा पहिल्यापासून, आणि आमच्याकडे लाईन जाते. म्हणून बॉक्स आणि टीव्ही दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले.

दुसरी गोष्ट मोठी. दिवाळीत बहीण आली, तिची मुलं, भावाची मुलगी, घर भरलं. रात्री आम्ही मोठे अंगणात गप्पा मारत बसलो आणि आत मुलांनी रेकॉर्डिंगची यादी उघडली. मी मध्यंतरी अंगठ्याची सरळ रेघ मोडून पिन बदलला होता. त्यांनी 2580 लावून पाहिला, आणखी काय काय लावलं, बॉक्स अडून बसला. पुतणी आठवीत आहे, ती बाहेर येऊन आईला सरळ म्हणाली, "आजी, पिन सांग ना." आईनं विचारलं, कोणता सिनेमा? पुतणीनं नाव सांगितलं. आई म्हणाली, "तो तुम्हा लेकरांचा नाही व माय." आणि आत जाऊन तिनं स्वतः त्यांना दुसरा लावून दिला, टिंब चाचपत. त्या रात्री कुलूप नसतं तर तो सिनेमा सात वर्षांच्या भाच्यानं पाहिला असता. कुलूप हवं, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही.

त्याच आठवड्यात रिमोट चाळताना मला ते सापडलं, जे ना पुस्तिकेत आहे, ना डिशवाल्याला माहीत होतं. रेकॉर्डिंगच्या यादीत सिनेमावर उभं राहून हिरवं बटण दाबलं की त्या एकट्या सिनेमाचं कुलूप लावता-काढता येतं. एकदा पिन द्यायचा, कुलूप काढायचं, मग तो सिनेमा कायमचा मोकळा. मला इतका आनंद झाला की रात्रीच बसून आईचे सगळे सिनेमे मोकळे केले. चॅनलच्या आकड्यावर चालणारं वयाचं कुलूप रेकॉर्डिंगपुरतं बंद केलं. आता नवा सिनेमा आला की आधी मी थोडा पाहतो, किंवा बायको पाहते, आणि कुलूप लावायचं की नाही ते आम्ही ठरवतो. आई दुपारी बटण दाबते, सिनेमा सुरू होतो. चांदण्या नाहीत.

ज्यांच्याकडे असा बॉक्स आहे त्यांनी आधी हेच करून पाहावं. तुमच्या रिमोटवर बटणाचा रंग वेगळा असेल, पण रेकॉर्डिंगवर उभं राहून चारही रंगीत बटणं दाबून बघा. कनेक्शन तुमच्या मोबाईल नंबरावर नोंदलेलं आहे ना, तेही आजच पाहा. नंबर दुसऱ्याचा असेल तर काही बिघडायच्या आधी बदलून घ्या, बिघडल्यावर बदलत नाही.

उणीव अजून आहे. कुलूप लावलेल्या सिनेमाचं नाव आणि चित्र यादीत उघडं दिसतं, आणि मुलांना नेमकं तेच खुणावतं. ते झाकायची सोय हवी. मोबाईलवरच्या ओटीटीला 25 फेब्रुवारी 2021 च्या नियमांनी तेरा वर्षांवरच्या सगळ्या गोष्टींना पालकांचं कुलूप देणं बंधनकारक केलं आहे, आणि तिथे मुलांचं खातंच वेगळं करता येतं, म्हणजे पाहणारा कोण हे तिथे विचारात घेतात. मग ओटीटीच का घेत नाही, असं भाऊ म्हणतो. आमच्या घरात नेट गच्चीवर लागतं, खाली नाही. आणि पावसात डिशचं चित्र तुटतं तरी पाऊस थांबला की परत येतं, डेटा संपला की परत येत नाही.

रेकॉर्डिंगचे महिन्याचे पैसे भरत राहणार आहे. एचडीचे दोन चॅनल मात्र काढून टाकले, तेवढ्यात रेकॉर्डिंगचा खर्च निघतो. पाचपैकी तीन तारे देतो. यादीतली नावं झाकली आणि बॉक्स बदलल्यावर जुनं रेकॉर्डिंग चालू दिलं, तर पाच देईन आणि गावात ज्याला हवा त्याला घ्यायला लावीन.