बेळगावात मंडळी शोधताना: कॅम्पातलं चर्च, हॉलमधली फेलोशिप की पस्तीस माणसांची मराठी मंडळी?

मिरजेहून उद्यमबागला नोकरीसाठी आलो तेव्हा भाड्याची खोली आठ दिवसांत मिळाली. मंडळी, म्हणजे दर रविवारी उपासनेला जायचा ख्रिस्ती समूह, मिळायला मात्र दीड वर्ष गेलं. परवा सांगलीहून बदली होऊन आलेल्या एका जोडप्याने फोन करून विचारलं, "आम्ही कुठं जाऊ?" त्यांना जे सांगितलं तेच जरा सावकाश लिहितो.

बाप्तिस्मा शिंपडून की बुडवून, हे तुमचं ठरलेलं असणार. भाषेचंही कळेलच, एकाच चर्चमध्ये सकाळी इंग्रजी, मग कन्नड, महिन्यातून एकदा मराठी असा प्रकार इथे नवा नाही. लंडन मिशन ही मिशनरी संस्था १८२० मध्ये बेळगावात आली, पुढे ते काम मेथॉडिस्ट पंथाच्या लोकांकडे गेलं, १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. या सगळ्याचे थर बाहेरच्या सूचनाफलकावरच्या वेळापत्रकात दिसतात. कॅथलिक असाल तर तुमचं काम सोपं. बेळगाव धर्मप्रांत १९५३ पासूनचा आहे, राहता त्या भागावरून पॅरिश, म्हणजे तुमचं चर्च, ठरतं. कोकणी मिस्साला (उपासनेला) जायचं की मराठी, एवढंच घरात ठरवायचं.

आमच्यासारख्या प्रोटेस्टंटांपुढे ढोबळमानाने तीन वाटा राहतात.

पहिली, कॅम्पातलं, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातलं, जुनं दगडी चर्च. मी सहा महिने गेलो. उंच छत, रंगीत काचा, घंटा. आत शिरलं की आवाज आपोआप खाली येतो. पाळकसाहेब विद्वान, उपदेश पंचवीस मिनिटांत आटोपशीर. पण बाकावर बसलो की मागून कुणीतरी हळूच, अगदी अदबीने, "इथं आमच्या घरचे बसतात" असं सांगायचं. दोनदा उठलो. तिसऱ्यांदा खांबाच्या मागची जागा धरली, ती कुणाचीच नव्हती. त्या लोकांना वाईट म्हणवत नाही. तीन-तीन पिढ्या एकाच बाकावर बसलेली घरं आहेत ती. शिवाय जुन्या चर्चचा एक मोठा आधार नवख्यांच्या लक्षात येत नाही: कब्रस्तान. घरात म्हातारं माणूस असेल तर ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. हॉल भाड्याने घेणाऱ्यांकडे ध्वनियंत्रणा असते, मातीची जागा नसते.

दुसरी वाट म्हणजे फेलोशिप. इमारतीचा तिसरा मजला, प्लास्टिकच्या खुर्च्या, ड्रमसेट, पडद्यावर गाण्याच्या ओळी. ब्रदर इंग्रजीत एक वाक्य बोलणार, शेजारी उभा असलेला दुभाषी ते कन्नडमध्ये सांगणार. मराठी माणसाने दोन्हींच्या मधलं जमेल तेवढं वेचायचं. तरी मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. पहिल्याच दिवशी नवीन पाहुणे म्हणून उभं केलं, टाळ्या वाजवल्या, एक छापील फॉर्म दिला: नाव, मोबाइल, प्रार्थनाविषय. मंगळवारी फोन आला. पुढे मला डेंग्यू झाला तेव्हा दोन मुलं सकाळी सातला इडलीचं पार्सल घेऊन दारात उभी. हे मी विसरणार नाही.

पण तो फॉर्म. बरा होऊन गेलो तर पुन्हा हातात फॉर्म. म्हटलं, असेल चूक, भरला. महिनाभराने तिसऱ्यांदा. प्रार्थनाविषयाच्या रकान्यात मी तेव्हा थोडं चिडूनच 'ओळख' असं लिहिलं. चौथ्यांदा दिला तो इडली आणणाऱ्यांपैकीच एकाने. हसतमुखाने, "वेलकम ब्रदर, पहिल्यांदाच का?" मी पेन परत केलं आणि जिना उतरलो. कदाचित त्यांचं माणूसबळ कमी पडत असेल, दर रविवारी पन्नास नवे चेहरे म्हणजे गंमत नव्हे. तुमच्या बाबतीत असं होईलच असंही नाही. पण माझ्या मनाने तिथेच घेतलं.

तिसरी वाट शहापूरकडच्या एका गल्लीतली. कौलारू घराची पुढची खोली, सगळी मिळून पस्तीस माणसं, पेटी, झांज आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं. पहिल्या रविवारी माझ्याशी कुणीही बोललं नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या रविवारी उपासना संपल्यावर दाराशी घुटमळत होतो, तर एक आजी म्हणाल्या, "नुसता बघत काय उभारलास? त्या टोकाला जाजम धर की." धरलं. घडी नीट जमली नाही म्हणून बोलणी खाल्ली. पुढच्या रविवारी तापामुळे गेलो नाही, तर त्याच्या पुढच्या रविवारी दारातच विचारणा, "कुठं होतास? जाजम मी एकटीनं गुंडाळलं." नाव त्यांना तोवर माहीत नव्हतं. "मिरजवाला" म्हणायच्या.

खोट आहे, भरपूर आहे. उपदेश चाळीस मिनिटांच्या आत संपत नाही. कुणाच्या घरात काय शिजतं ते सगळ्यांना ठाऊक. तरुण पोरं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, आणि इथे उरलेली मुलं शाळेत कन्नड-इंग्रजी शिकून आलेली, मराठी शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, वचन अडखळत वाचतात. जागेचीही खात्री नाही. डिसेंबर २०२१ मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेने मंजूर केलं ते इथेच, सुवर्ण विधानसौधात. त्या हिवाळ्यात आधीच्या घरमालकाने "गाणी जरा हळू म्हणा", मग "महिनाभर नको", मग "दुसरीकडं बघा" असं म्हटल्याचं मंडळीतले लोक सांगतात. दगडी चर्चला हे कुणी सांगत नाही. आणि मयत झालंच तर आम्हीही जागेसाठी कॅम्पाकडेच हात जोडतो.

मराठी शास्त्रात पहिल्या विश्वासणाऱ्यांच्या संदर्भात 'भाकर मोडणे' असा शब्द येतो. आमच्याकडे महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती खरोखरच ज्वारीची भाकरी असते, सोबत झुणका, आणि कुणाकडे पगारवाढ झाली असली तर कुंदा. ताटं बायकांनीच घासायची असा रिवाज होता. आता मी आणि पेटीवाले मास्तर घासतो. त्यावरून दोन म्हाताऱ्यांचा अजून वाद चालू आहे.

मुलं लहान असतील आणि त्यांना संडे स्कूल, सोबती, गाणं-बजावणं हवं असेल तर फेलोशिप खरंच बघा. आई-वडील सोबत असतील तर कॅम्प. दोन्हीकडे किमान महिनाभर जा, नाताळात नको. नाताळात सगळीच चर्चं गोड असतात. आमच्याकडे यायचं झालं तर उपासनेची वेळ साडेनऊ लिहिली आहे, पण पावणेदहाच्या आत कधी सुरू झाल्याचं मी पाहिलं नाही. जाजम घालायला नऊला या.