फळं मुरवायला घेतलेली झडपेच्या झाकणाची बरणी: आठ महिन्यांनंतर

तिसऱ्या महिन्यात एका झाकणाची झडप फाटली आणि दोन आठवडे मला त्याचा पत्ताच नव्हता. आतली लिंबं आपली निवांत मुरत होती. या संचाबद्दलचं माझं निम्मं मत तिथेच तयार झालं.

संचात १ लिटरच्या, रुंद तोंडाच्या चार काचेच्या बरण्या येतात. चार प्लास्टिकची झाकणं, प्रत्येकात सिलिकॉनची छोटी झडप. शिवाय चार जाड काचेच्या चकत्या, फळांवर दडपण म्हणून ठेवायच्या. जाहिरातीत सगळं कौतुक झाकणाचं: आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत शिरत नाही. तत्त्व खरंच आहे. मिठाच्या पाण्यात फळ बुडवलं की सालीवरचे जिवाणू त्यातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करायला लागतात, सोबत कार्बन डायऑक्साइडही सुटतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून खाराच्या वर ठाण मांडून बसतो आणि हवेवाचून बुरशीचं काही चालत नाही.

पण फळ खाराखाली बुडालेलं असेल तर बुरशी सहसा धरतच नाही, आणि ते बुडवून ठेवते ती चकती. फाटक्या झडपेखाली लिंबं शाबूत राहिली, कारण चकती जागेवर होती. पाचव्या महिन्यात याच्या उलट झालं. झडप धडधाकट, पण चकती मी घाईत तिरकी ठेवली. आलुबुखाराची एक फोड कडेने निसटून वर आली आणि चार दिवसांत तिच्यावर हिरवट, केसाळ ठिपका. (रोज झाकण उघडून वास घ्यायची मला खोड आहे, त्यामुळे हवा आत जातच होती, हेही कबूल.) अख्खी बरणी टाकून दिली. वरचं खरवडून बाकीचं वापरावं असा मोह होतो, पण मऊ फळात बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. खारावर नुसती पांढरी, सुरकुतलेली साय आली तर मात्र घाबरू नये. ते एक प्रकारचं यीस्ट असतं. अपायकारक नसतं, चव तेवढी बिघडवतं. चमच्याने काढून टाकायचं.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू संचात नाहीच. ती म्हणजे ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा. सोबतच्या कागदावर "दोन चमचे मीठ" लिहिलंय, ते सरळ विसरा. बारीक मिठाचा चमचा आणि खड्याच्या मिठाचा चमचा यांच्या वजनात चांगलाच फरक पडतो. मी बरणी काट्यावर ठेवून काटा शून्य करते, फोडी आणि पाणी घालते आणि जे वजन येईल त्याच्या अडीच टक्के मीठ. फोडी नि पाणी मिळून ८०० ग्रॅम, तर मीठ २० ग्रॅम. संपला हिशोब. हे करायला लागल्यापासून एकही बरणी बेचव झाली नाही. मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काही मिसळलेलं असेल तर त्याने खार गढूळ होतो. नासलं म्हणून मी पहिल्यांदा उगाच धसका घेतला होता.

पहिल्याच महिन्यातला गोंधळ पूर्ण माझा. बरणी गळ्यापर्यंत भरली. दुसऱ्या रात्री आलुबुखारांनी असा जोर धरला की झडपेतून खार वर आला आणि कपाटाच्या फळीवर जांभळं तळं. भाज्यांपेक्षा फळांत साखर जास्त, म्हणून फसफसणंही जोरात. आता वर तीन बोटं जागा सोडते आणि खाली ताटली ठेवते.

पेअर मात्र जमले नाहीत. दोनदा केले. पिकलेले घेतले तेव्हा आठवड्यात लगदा झाला आणि वास दारूसारखा, म्हणजे जिवाणूंच्या आधी यीस्टने साखरेवर ताव मारला. दुसऱ्यांदा कडक घेतले, थंड जागी ठेवले, पाचव्या दिवशी फ्रीजमध्ये टाकले. खाण्याजोगे झाले, पण पुन्हा करीन असं नाही. पेअरला व्हिनेगरच बरं, आणि तेही ५ टक्के आम्लतेचं, पाककृतीत सांगितलंय त्याहून पातळ न करता. तिथे ही बरणी निरुपयोगी. उकळतं व्हिनेगर ओतल्यावर हवाबंद बसावं असं हे झाकणच नाही, आणि गार काचेत गरम ओतलं तर ती तडकायची.

लिंबांसाठी मात्र हा संच शंभर वेळा घेईन. चिरून चार फोडी, वजनाच्या १० टक्के मीठ, पाण्याचा थेंब नाही. पहिले दोन दिवस रस निम्म्यापर्यंतच असतो आणि आपण चुकलो असं वाटत राहतं. तिसऱ्या दिवशी फोडी लुळ्या पडतात, चकती आपल्या वजनाने खाली सरकते आणि रस तिच्यावर चढतो. काचेतून हे सगळं दिसतं, चिनी मातीच्या बरणीत ते सुख नाही. चौथ्या आठवड्यात सालीखालचा पांढरा भाग पारदर्शक होऊ लागतो, कडवटपणा उतरतो. दोन महिन्यांनी साल बोटांनी चेपली की मेणासारखी दबते. तेव्हा काढायची.

आंबटपणाचा मुद्दा गंमत म्हणून सोडू नका. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जिवाणू ४.६ पेक्षा कमी सामूत (म्हणजे pH; आकडा जितका कमी तितकं आंबट) वाढत नाहीत. लिंबू मुळातच त्याच्या कितीतरी खाली आहे. पपई, खरबूज यांसारख्या फळांचा सामू त्याच्या वर असतो, तिथे अंदाजाने जाऊ नये. मी सामूच्या पट्ट्या वापरते. लाल-जांभळ्या खारात मात्र पट्टीचा रंगच कळत नाही.

टिकाऊपणाचं सांगायचं तर काच उत्तम, प्लास्टिकला मीठ-आंबट लागून गंज चढायचा प्रश्न नाही. सिलिकॉनच्या कड्यांना वास धरतो, उन्हात ठेवल्या तरी पूर्ण जात नाही, म्हणून लिंबाचं झाकण लिंबालाच. चकत्यांना पकडायला मूठ नाही, हा मोठा दोष. ओल्या हातातून एक निसटली आणि कडेला टवका गेला. काचेचा कण खाण्यात नको म्हणून ती बाद केली.

सुटी झडप विकत मिळत नाही, विक्रेत्याने अख्खं झाकण घ्यायला सांगितलं. घेतलं नाही. त्या बरणीला साधं झाकण लावते आणि पहिले दहा दिवस रोज सकाळी अर्धा आटा सैल करून वायू सोडते. सध्या तिच्यात लिंबंच आहेत, सातवा आठवडा चालू आहे.