हॉलिडे क्लबमध्ये गेलेले १,७५,०३० रुपये आणि ‘सही केलीत ना?’

मॉलमध्ये कूपन भरून घेतात, मग ‘तुम्हाला गिफ्ट लागलंय’ म्हणून फोन येतो, आणि गिफ्ट घ्यायला नवरा-बायको दोघांनी यायलाच हवं अशी अट असते. हा प्रकार कुणाला माहीत नाही? मलाही माहीत होता. मी एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात आहे, पुरवठादारांचे करार रोज हाताखालून जातात. ‘शिकलेली माणसं अशी कशी फसतात’ असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी आधी पुढचं वाचावं.

पुण्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये मोठ्या आवाजात गाणी लावून रात्री उशिरापर्यंत आम्हाला बसवलं. विकत होते ते हॉलिडे क्लबचं सदस्यत्व: हॉटेलात राहायला पाच वर्षं, दरवर्षी सहा रात्री, देशात कुठेही. दिवाळीत आणि मे महिन्यातही खोली नक्की. किंमत १,६५,००० रुपये. त्यातले ४०,००० डेबिट कार्डावरून घेतले, १,२५,००० क्रेडिट कार्डावरून. वार्षिक देखभाल शुल्क ८,५०० अधिक जीएसटी, म्हणजे १०,०३०. ते ‘ज्या वर्षी फिराल त्याच वर्षी’ भरायचं, असं तोंडी सांगितलं.

मी करार घरी नेऊन वाचते म्हणाले. समोरचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, कागद बाहेर देता येत नाहीत, आणि आजचा रेट उद्या नसतो.’ तिथेच उठायला हवं होतं. ऑफिसात एखाद्या पुरवठादाराने मला हे ऐकवलं असतं तर त्याची फाइल मी तिथल्या तिथे बंद केली असती. पण मुलगी पेंगुळली होती, नवरा ‘एवढा वेळ थांबलोय तर संपवून टाकू’ म्हणत होता, आणि मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तो मुलगा हसतमुखाने हवं तेच उत्तर देत होता. मग दोन ओटीपी आले. पहिला बँकेचा. दुसरा कंपनीचा, आणि त्या मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की हा आकडा दिला म्हणजे अटी व शर्ती मान्य. ‘हा फक्त मोबाइल व्हेरिफाय करायला,’ तो म्हणाला. मेसेज माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी त्याच्या शब्दावर आकडा सांगितला. याचा राग आजही जात नाही. ओटीपी मागणारा काय म्हणतो ते ऐकू नका, मेसेजमध्ये काय लिहिलंय ते वाचा.

दिवाळीला तारकर्ली मागितली, तर ‘ब्लॅकआउट डेट्स’, म्हणजे सदस्यांना बुकिंग बंद असलेले दिवस. मे महिन्यात महाबळेश्वर, तर ‘अव्हेलेबल नाही’. मेलवर आलेला करार तेव्हा नीट वाचला. खोली उपलब्धतेनुसार, सणासुदीचे दिवस वगळून. प्रतिनिधीने दिलेलं कोणतंही तोंडी आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही. पैसे कोणत्याही कारणास्तव परत नाहीत. अटी बदलण्याचा हक्क कंपनीला. वाद झाला तर कोर्टात नाही, लवादापुढे म्हणजे खासगी पंचापुढे जायचं, तेही दिल्लीत. आणि सगळ्यात संतापजनक कलम हे की देखभाल शुल्क थकलं तर सदस्यत्व रद्द आणि भरलेली सगळी रक्कम जप्त. १०,०३० रुपये भरले नाहीत म्हणून १,६५,००० गिळायचे! याच भीतीने मी पहिल्या वर्षाचं शुल्क भरलं. असा कागद हातात आला की शेवटची पानं आधी वाचा, विष तिथे असतं.

पोलीस चौकीत गेलो. अंमलदाराने कागद उलटेपालटे केले आणि विचारलं, ‘सही तुमचीच ना? मग हा दिवाणी मामला.’ दिवाणी तर दिवाणी, निदान अर्ज घेऊन पोच तरी द्या! तीही दिली नाही. बँकेने कळवलं की ओटीपी टाकून झालेला व्यवहार फसवणुकीत धरता येत नाही. खोलीच मिळाली नाही, सेवा दिलेली नाही, या मुद्द्यावर एक ओळ उत्तर नाही. ग्राहक आयोगाच्या कार्यालयातल्या बाईंनीही मान वर न करता तेच विचारलं, ‘सही केलीत ना?’ जिथे ग्राहकाने दाद मागायची तिथल्या माणसाला स्वतःचा कायदा माहीत नसावा?

कायदा काय आहे ते मग मीच वाचलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, लागू जुलै २०२० पासून. त्याच्या कलम २(४६) मध्ये ‘अन्याय्य करार’ म्हणजे काय ते दिलंय: करारभंगाने झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड, वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा हक्क, ग्राहकावर लादलेला गैरवाजवी आकार. माझं जप्तीचं कलम यात तंतोतंत बसतं. २०१९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने पायोनियर अर्बन प्रकरणात गुरुग्रामच्या एका बिल्डरचा करार तपासला. त्यात ग्राहकाचा हप्ता लांबला तर १८ टक्के व्याज, बिल्डरचा ताबा लांबला तर ९ टक्के. ठिपक्यांच्या रेघेवर सही करण्यावाचून ज्याला पर्यायच नव्हता, त्याच्यावर अशा एकतर्फी अटी बंधनकारक नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. ऑनलाइन ‘आय अॅग्री’ दाबून किंवा ओटीपी देऊन केलेला करारही करारच असतो, हे खरं. पण करार झाला म्हणून त्यातली प्रत्येक अट न्याय्य ठरत नाही.

दिल्लीच्या कलमाला घाबरू नका. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. मोबदल्याची, म्हणजे तुम्ही कंपनीला भरलेली, रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क शून्य. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची, आणि कंपनी गोड बोलून नेमकी तीच घालवते.

एक गोष्ट मात्र मला कुणीच सांगितली नव्हती. ‘अन्याय्य करार’ म्हणून तक्रार केली तर ती राज्य आयोगाकडे जाते, जिल्ह्याला तो अधिकारच दिलेला नाही. माझी पहिली तक्रार याच मुद्द्यावर परत आली. कोट्यवधींच्या फ्लॅटवाल्याचं ठीक आहे, पण पावणेदोन लाख गमावलेल्याने राज्य आयोगापर्यंत का जावं? ज्याचा करार लहान त्याला दार लांब, हे कायदा करणाऱ्यांनी कसं मंजूर केलं? शेवटी वकिलाच्या सल्ल्याने ‘अनुचित व्यापार प्रथा’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ असे शब्द घालून जिल्हा आयोगात पुन्हा दाखल केली. तुम्ही पहिल्याच वेळी असंच लिहा.

पुराव्याला माझ्याकडे त्या मुलाचा व्हॉट्सअॅप मेसेज आहे: ‘मॅम, दिवाळी कन्फर्म.’ तोंडी आश्वासन लगेच मेसेजवर लिहून मागा, आणि मग फोन बदलला तरी चॅट जपा. मन फिरलं तर त्याच रात्री रद्द करत असल्याचा मेल टाका, फोनवर बोलत बसू नका.

नोटीस गेल्यावर कंपनीने तक्रार मागे घेण्याच्या बदल्यात ३०,००० रुपयांचं व्हाउचर देऊ केलं. मी नाकारलं. त्यांचा वकील तारखा मागतोय. मधल्या काळात दुसऱ्या वर्षाचं १०,०३० रुपयांचं बिल आलंय. ते मी भरलेलं नाही, आणि का भरणार नाही ते कलम २(४६) चा हवाला देऊन लेखी कळवलंय.