मेंदूच्या संरक्षणाचा दावा करणारे इन्फ्रारेड ब्लँकेट: सहा आठवड्यांच्या वापरानंतर

हे परीक्षण इन्फ्रारेड ब्लँकेटचे, म्हणजे आत झोपून अंग तापवायच्या विजेच्या पांघरुणाचे असले, तरी ब्लँकेटपेक्षा त्याच्यासोबत आलेल्या माहितीपत्रकाविषयी अधिक लिहावे लागणार आहे. नियमित उष्णतेने शरीरातील ‘हीट शॉक प्रथिने’ वाढतात आणि ती अल्झायमर व पार्किन्सनपासून मेंदूचे रक्षण करतात, या पत्रकातील एकाच दाव्यावर हे उत्पादन विकले जाते. असा दावा करणारी ब्लँकेटे अनेक असल्यामुळे कंपनीचे नाव देत नाही.

वस्तू म्हणून ब्लँकेट बरे आहे. शिलाई पक्की आहे, ते दहा मिनिटांत तापते आणि आखडलेल्या पाठीला खरोखर आराम पडतो. आतल्या अस्तरात मुरलेला घाम पुसून काढणे मात्र कटकटीचे आहे. नियंत्रकावर ७० अंश दिसतात, पण ते ब्लँकेटचे तापमान असते. चाळीस मिनिटांनंतर जिभेखाली थर्मामीटर धरला, तेव्हा माझे तापमान ३६.८ वरून ३७.६ अंशांपर्यंत गेले होते. प्रयोगशाळेत मानवी पेशींमध्ये ही प्रथिने वाढवायची असतील, तर त्या पेशी सहसा ४२ अंशांच्या आसपास ठेवतात.

पत्रकाचा मराठी अनुवाद करणाऱ्याने ‘उष्माघात प्रथिने’ असा शब्द योजला आहे, तो वाचून घाबरायला होते. त्याहून मोठा घोटाळा ‘ताण’ या शब्दाचा आहे. एका पानावर ब्लँकेट ताण घालवते असे म्हटले आहे आणि पुढच्याच पानावर ते ताण-प्रथिने (हीट शॉक प्रथिनांचेच दुसरे नाव) वाढवते असे. पहिला ताण मनाचा आहे आणि दुसरा पेशीचा, हे न सांगितल्यामुळे दोन्ही गुण एकाच वस्तूत सुखाने नांदतात, असा वाचकाचा समज होतो. ही प्रथिने तर पेशी अडचणीत आल्यावरच वाढतात.

मुळातले विज्ञान खोटे नाही, म्हणूनच हे पत्रक फसवे ठरते. फेरुशियो रितोसा या इटालियन संशोधकाच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांच्या पेटीचे तापमान चुकून वाढले आणि त्यांच्या गुणसूत्रांवर नव्या जागी फुगवटे दिसले. ते निरीक्षण १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या फुगवट्यांशी निगडित प्रथिने, म्हणजेच हीट शॉक प्रथिने, १९७४ मध्ये ओळखली गेली. प्रथिनाची घडी, म्हणजे त्याचा ठरलेला आकार, विस्कटली की ती नीट बसवण्याचे, आणि ते जमत नसेल तर ते प्रथिन मोडीत काढायला मदत करण्याचे काम एचएसपी७०सारखी हीट शॉक प्रथिने करतात. एरवी हीच प्रथिने एचएसएफ१ या नियामकाला धरून ठेवतात. विस्कटलेली प्रथिने साचली की ही मदतनीस प्रथिने तिकडे गुंततात, एचएसएफ१ मोकळा होतो आणि आणखी मदतनीस प्रथिने तयार करण्याचा आदेश जनुकांना मिळतो. अल्झायमरमध्ये अमायलॉइड व टाऊ, पार्किन्सनमध्ये अल्फा-सायन्यूक्लीन आणि हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकारात हंटिंग्टिन या प्रथिनांच्या गुठळ्या होत असल्यामुळे ही व्यवस्था बळकट करावी, ही कल्पना स्वाभाविक आहे. २००२ मधल्या एका प्रयोगात फळमाश्यांना जादा एचएसपी७० पुरवल्यावर अल्फा-सायन्यूक्लीनमुळे मरणाऱ्या डोपामिन पेशी वाचल्याही.

पण तिथे ते प्रथिन जनुकीय बदल करून चेतापेशीतच तयार केले होते, माशीला पांघरूण घालून नव्हे. काही चेतापेशी, विशेषतः स्नायूंना आज्ञा देणाऱ्या, हा प्रतिसाद सहजासहजी सुरूच करत नाहीत, आणि वय वाढते तसा तो एकूणच मंदावतो. पत्रकात ज्या चाचण्यांचा मोघम उल्लेख आहे, त्यांत रक्तातील पेशींमधले या प्रथिनांचे प्रमाण मोजलेले आहे. त्यावरून मेंदूतील पेशींविषयी काही सिद्ध होत नाही.

सगळाच ताण-प्रतिसाद वाढवणे हिताचे असते, असेही नाही. घडी न बसलेली प्रथिने साचली की पर्क नावाचे विकर नवीन प्रथिनांची निर्मिती आवरते. थोडा वेळ हे उपयोगी पडते. दीर्घकाळ चालू राहिले, तर चेतापेशींच्या जोडण्यांना लागणारी प्रथिनेच बनत नाहीत. २०१३ मध्ये प्रायॉन रोग (घडी बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा मेंदूचा आजार) झालेल्या उंदरांना पर्क रोखणारे औषध दिल्यावर त्यांच्या चेतापेशी वाचल्या, मात्र स्वादुपिंडाला इजा झाली. म्हणजे इथे उपाय प्रतिसाद दाबण्याचा होता, आणि त्याचीही किंमत मोजावी लागली. एचएसएफ१ कर्करोगाच्या पेशींनाही आधार देतो. त्याचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत कर्करोगाच्या गाठी कमी झाल्याचे २००७ मध्ये दिसले. पत्रकात यातले अक्षरही नाही.

पत्रकाचा सर्वांत भक्कम आधार फिनलंडचा आहे. तेथील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षे मागोवा घेतल्यावर, आठवड्यातून चार ते सात वेळा सौना (तापवलेल्या खोलीत बसून घाम काढणे) घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका एकदाच घेणाऱ्यांपेक्षा ६६ टक्के कमी आढळला. आकडा लक्षणीय आहे, पण हे निरीक्षण आहे. ज्याची प्रकृती ठीक असते तोच रोज सौनात जातो, ही शक्यता उरतेच. शिवाय सौना म्हणजे ब्लँकेट नव्हे. हाच प्रतिसाद औषधाने वाढवू पाहणाऱ्या अरिमोक्लोमोलची गोष्टही बोलकी आहे: स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी मरत जाणाऱ्या एएलएस या आजाराच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ते २०२१ मध्ये अपयशी ठरले, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती निमन-पिक प्रकार सी या दुर्मिळ आजारासाठी, तीही दुसऱ्या औषधाच्या जोडीने.

माझी खरी तक्रार सावधगिरीच्या पानाविषयी आहे. तिथे गरोदर स्त्रिया व पेसमेकर यांचा उल्लेख आहे, पण ज्या रुग्णांना हे ब्लँकेट विकायचे आहे त्यांचा नाही. पार्किन्सनच्या अनेक रुग्णांचा रक्तदाब उभे राहताना एकदम उतरतो; उष्णतेने रक्तवाहिन्या सैल झाल्यावर ब्लँकेटमधून उठताना असा माणूस कोसळू शकतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे चेतातंतूंवरचे आवरण खराब होणाऱ्या आजारात, अंग तापले की दृष्टी अंधुक होते, हातापायांतले बळ काही काळ कमी होते. श्रमानंतर दृष्टी अशी अंधुक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवले होते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला गरम होत असल्याचे वेळेवर सांगता येईलच असे नाही, आणि स्वयंचलित बंद होण्याची सोय साठ मिनिटांनंतरची आहे. पाठीसाठी पाचपैकी तीन तारे देतो. मेंदूच्या आजारासाठी कोणी घेणार असेल, तर घेऊ नये. घरात आधीच आले असेल, तर रुग्णाला त्यात एकटे ठेवू नये.