मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प: दस्तऐवज म्हणून कसा आहे?

महापालिकेचा अर्थसंकल्प संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. तो करदात्यांसाठीच असल्याने इतर कोणत्याही सेवेप्रमाणे त्याचेही परीक्षण व्हायला हरकत नाही. आयुक्त भूषण गगराणी यांनी ४ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेला हा अर्थसंकल्प ७४,४२७.४१ कोटी रुपयांचा असून त्यातील ४३,१६२.२३ कोटी भांडवली खर्चासाठी, म्हणजे रस्ते, पूल, प्रकल्प अशा टिकाऊ कामांसाठी आहेत. साहजिकच सोबतच्या आयुक्तांच्या निवेदनात किनारी रस्ता, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, मलजल प्रक्रिया केंद्रे यांवरच भर आहे. या भागाबद्दल तक्रार नाही. भाषा सरकारी असली तरी कोणत्या कामाला किती तरतूद आहे हे कळते.

खरा कस लागतो तो जमेच्या बाजूला. महसुली उत्पन्नाचा अंदाज ४३,१५९.४० कोटींचा आहे आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा, १४,३९८.१६ कोटी, जकातीपोटी, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या बंद झालेल्या करापोटी, मिळणाऱ्या नुकसानभरपाईचा आहे. त्या तुलनेत मालमत्ता कराचा अंदाज अवघा ५,२०० कोटींचा. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, दहिसर-मुलुंडचे जकात नाके बंद पडले आणि २०१६-१७ हे आधारवर्ष धरून दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीने भरपाई देण्याचा कायदा राज्याने केला. आदल्या वर्षीच्या भरपाईच्या १३,३३१.६३ कोटींना १.०८ ने गुणून पाहावे. २०२५-२६ चा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत तंतोतंत जुळतो. शहरातला व्यापार वाढो की मंदावो, या रकान्याला त्याचे सोयरसुतक नाही.

रक्कम खात्रीची आहे, हे मान्यच करायला हवे. पण महसुलाचा एक तृतीयांश भाग राज्याच्या तिजोरीतून येतो आणि त्याचा दर ठरवणे पालिकेच्या हाती नाही, ही गोष्ट ठळकपणे समोर यायला हवी होती. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून सूट देण्याचा जानेवारी २०२२ मधला निर्णयही राज्य मंत्रिमंडळाचाच होता. हे दुवे वाचकाला स्वतःच जोडून घ्यावे लागतात.

मांडणीही नवख्याची परीक्षा पाहते. अर्थसंकल्पाचे भाग अक्षरांनी ओळखले जातात: शिक्षण ‘ई’ मध्ये, पाणीपुरवठा व मलनिःसारण ‘ग’ मध्ये. ही अक्षरे जुन्या बाबूंना पाठ असतील, इतरांनी काय करावे? शहराची बससेवा चालवणाऱ्या बेस्ट उपक्रमाला द्यायच्या १,००० कोटींच्या अनुदानासारखी महत्त्वाची बाब तरी चटकन सापडायला हवी.

तरीही हा दस्तऐवज वाचावा असेच मी म्हणेन, मात्र निवेदनाच्या पहिल्या पानापासून नव्हे. आधी महसुली उत्पन्नाचा तक्ता काढावा आणि मग मूळ व सुधारित अंदाजांचे रकाने शेजारी ठेवून वाचावेत. २०२४-२५ चा मूळ अंदाज ५९,९५४.७५ कोटींचा होता, तो सुधारित अंदाजात ६५,१८०.७९ कोटींवर गेला; ही वाढ कोणत्या शीर्षाखाली झाली, हे त्या रकान्यांत शोधता येते.