विषमुक्त किराण्याच्या नावाखाली सांगलीत काय चाललंय ते वाचा आणि मगच पैसे भरा

आमच्या सासूबाईंना शुगर निघाली तेव्हापासून घरात रोज भाकरी, मूग, पालेभाजी असं सगळं सुरू झालं, मिस्टर कुपवाड एमआयडीसीत कामाला, एकाच्या पगारात दोन पोरांची फी, औषधं आणि किराणा, म्हणजे पैसा किती मोजून खर्च करावा लागतो ते वेगळं सांगायला नको. अशात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गल्लीत दोन बायका आणि एक माणूस आले, त्यांनी सगळ्यांना तिळाच्या वड्या वाटल्या आणि वाणात छोटी गुळाची पुडी दिली. बोलायला एकदम गोड. २०२३ हे मिलेट वर्ष होतं, सरकारसुद्धा ज्वारी नाचणी खा म्हणतंय, तुम्ही पॉलिश केलेलं विष खाताय, असं अर्धा तास चाललं. मग स्कीम सांगितली. महिन्याचा हेल्दी किट १,८०० ला, पण ६ महिन्यांचे एकदम भरले तर ९,०००, म्हणजे महिना १,५०० पडतो. त्यात शाळूचं म्हणजे रब्बी ज्वारीचं पीठ ५ किलो, नाचणीचं १ किलो, मूगडाळ १ किलो, काळा गूळ १ किलो, हळद पावशेर आणि लाकडी घाण्याचं शेंगतेल ३ किलो. वर ३ मेंबर आणले तर एक महिना फ्री.

आता यात गंमत बघा, हा रेट अगदी फुकटातला नव्हता. घाण्याचं तेल तेव्हा आमच्याकडं ३०० च्या आसपास चाललेलं, म्हणजे तेलाचेच ९०० झाले, बाकीचं धरून हिशोब १,५०० च्या जवळपासच येतो, म्हणून कुणाला शंका आली नाही. लय स्वस्त असतं तर कुणीही म्हणालं असतं की काहीतरी गडबड आहे. हे लोक तिथंच हुशार.

पहिल्या महिन्याचा माल खरंच चांगला होता. तेल उघडलं की शेंगदाण्याचा वास यायचा, डब्याच्या तळाला गाळ बसलेला. गल्लीतल्या सगळ्या बायका खूश, आमच्या जाऊबाईंनी पण भरले पैसे. दुसऱ्या महिन्यापासून खेळ सुरू झाला.

पिठापासून सांगते कारण ते मला आधी कळलं. माझं माहेर जतकडलं, शाळूचं पीठ हातात घेतलं की कळतंय. पुडीवर छापलेलं मालदांडी शाळू, पण गरम पाणी घालून मळलं तर गोळाच होईना, परातीत थापायला घेतली की कडा फाटायच्या आणि उचलली की भाकरीचे दोन तुकडे. पिठाची विरी म्हणजे चिकटपणा पार गेलेला. म्हणजे एकतर महिनोन्महिने दळून पडलेलं नाहीतर शाळूच्या जागी हलक्या ज्वारीचं. फोन केला तर बाई म्हणते, ताई ते केमिकल नसल्यामुळं तसं होतं. मी म्हणलं, आमच्या वडलांच्या रानातल्या ज्वारीत कुठलं केमिकल घालतात मग, ती भाकरी तर पापुद्र्यासकट फुगते की. त्यावर काही उत्तर नाही.

तेलाची भानगड अजून भारी. सांगताना किलो म्हणायचे आणि कॅनवर बारीक अक्षरात लिटर. शेंगतेल पाण्यापेक्षा हलकं असतंय, १ लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे ३ लिटरचा कॅन पावणेतीन किलोसुद्धा भरत नाही. ३०० च्या भावानं ८० रुपये तिथंच गेले, आणि असे किती घरांतले ते तुम्हीच काढा. मोठे डबे घेताना पण हाच घोळ होतो, १५ किलो आणि १५ लिटरच्या डब्यात सव्वा किलोपेक्षा जास्त फरक पडतो, रेट विचारताना हे आधी विचारा. नंतर नंतर तर तेल पाण्यासारखं स्वच्छ यायला लागलं, ना वास ना गाळ. आमच्या ओळखीचे एक घाणेवाले काका आहेत त्यांनी सरळ हिशोब सांगितला, लिटरभर तेलाला अडीच किलोच्या आसपास शेंगदाणा लागतो, पेंड विकून थोडे सुटतात ते सोडा, पण शेंगदाण्याचा भाव गुणिले अडीच एवढं करून बघा आणि मग कोण १८० ला घाण्याचं तेल देतो म्हणालं तर त्यात काय असेल ते समजून घ्या.

पण मला सगळ्यात राग आला तो गुळाचा. काळा गूळ म्हणजे सेंद्रिय, आणि सेंद्रिय म्हणजे शुगरवाल्यांना चालतो, असं त्यांनी आमच्या सासूबाईंना तोंडावर सांगितलेलं. म्हातारं माणूस, गोडाची आवड, चहात गूळ, दुधात गूळ, वर पोळीबरोबर खडा. पुढच्या तपासणीला शुगर वाढलेली आणि डॉक्टर आमच्यावरच चिडले, गूळ काळा असो पिवळा असो शुगर वाढवणारच, त्यात बहुतेक साखरच असते म्हणाले. दुसरं म्हणजे तो काळा तरी कशानं होता? पिवळाधमक दिसावा म्हणून काही गुऱ्हाळावर हायड्रॉस पावडर मारतात हे खरं आहे, त्यामुळं लोक गडद गूळ मागतात. पण जुना गूळ पावसाळ्यात पाणी धरून आपोआप काळा पडतो, चिकट होतो, आंबूस वास मारतो, तो व्यापाऱ्याकडं मातीमोल भावात मिळतो. आम्हाला आलेली ढेप कागदाला चिकटून बसलेली आणि चाटली तर आंबट. गुळाचा रंग बघून तो सेंद्रिय का नाही हे ठरत नाही.

हळदीचं तर बोलायलाच नको, सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, इथं राहून आम्ही कुठली तरी रंगीत पूड खातोय. ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकून बघितली, चांगली हळद तळाला बसते आणि वरचं पाणी फिकं पिवळं राहतं, हे पाणी वरपर्यंत गडद पिवळंजर्द. पोरांच्या रंगपंचमीला चाललं असतं.

मग मिस्टरांनी पुड्या घेऊन बसून एकेक वाचलं. एफएसएसएआयचा म्हणजे खाद्यपदार्थांच्या सरकारी परवान्याचा नंबर १४ आकडी असतो आणि फॉसकॉस नावाच्या सरकारी साइटवर तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. या पुड्यांवरचा नंबर खरा होता पण दुसऱ्याच राज्यातल्या कुठल्या तरी बेकरीचा. तेलाच्या कॅनवर तर नंबरच नाही. पॅकिंगची तारीख नाही, पत्ता म्हणून नुसतं सांगली. आणि पाकिटावर सेंद्रिय लिहून विकायचं असेल तर सर्टिफिकेट लागतं, त्यासोबत जैविक भारतचा हिरवा लोगो असतो, तोही नाही. एखादा छोटा शेतकरी स्वतःच्या रानातलं थेट आपल्याला विकत असेल तर त्याची गोष्ट वेगळी, त्याला यातून सूट असते, पण हे काय शेतकरी नव्हते.

त्यांच्या मेंबरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या पुड्यांचे फोटो टाकले तर दुसऱ्या दिवशी फक्त ॲडमिनच मेसेज करू शकेल अशी सेटिंग करून टाकली. चौथ्या महिन्यात टेम्पो आलाच नाही. विश्रामबागला त्यांचा गाळा होता तिथं जाऊन बघितलं तर भाड्याची पाटी लागलेली, शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला तुम्ही आजच्या पाचव्या. जाऊबाई अजून नीट बोलत नाहीत, ते एक वेगळंच.

आता किराणा गणपती पेठेतनं आणते. शाळू धान्य घेऊन गिरणीत थोडा थोडा दळायचा, पीठ साठवायचं नाही. हळकुंड आणून डंकावर कुटून घ्यायचं, अख्ख्या हळकुंडात भेसळ करायला जरा अवघड जातं. हुलगे, मटकी, अख्खे मूग हे डाळीपेक्षा पोटभरीचे, माडगं केलं की सासूबाई आवडीनं पितात. पोकळा, चाकवत, अंबाडी आठवडी बाजारात उतरत्या वेळेला स्वस्त मिळते. घाण्याचं तेल महिन्याला एकच लिटर, तेही समोर उभं राहून काढून घेतलेलं, बाकीच्याला साधं पॅकबंद तेल कमी वापरायचं. सगळं मिळून त्या १,५०० पेक्षा कमीतच बसतंय आणि त्याला कुणी हेल्दी किट म्हणत नाही.

पैशाचं सांगायचं तर आम्ही १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवलीय आणि पोलिसांत अर्ज दिलाय. वजनाची तक्रार वैधमापनकडं करायची आणि भेसळीची एफडीएकडं म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडं, दोन्ही वेगळी ऑफिसं आहेत, आम्हाला एकीकडनं दुसरीकडं पाठवलं म्हणून कळलं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या केसला फी लागत नाही आणि वकील लावायलाच पाहिजे असंही नाही, फक्त २ वर्षांच्या आत जावं लागतं. तेव्हा ज्यांनी ज्यांनी त्या वेळी पैसे भरलेत त्यांनी यूपीआयचे स्क्रीनशॉट, पावती आणि रिकाम्या पुड्या टाकू नका, ग्रुपमधनं रागानं एक्झिट पण होऊ नका, आधी चॅट एक्सपोर्ट करून घ्या. तासगाव साइडला असाच किट घेऊन एक टेम्पो फिरतोय म्हणतात, नाव वेगळं आहे पण संक्रांतीतली ती तिळाची वडी आणि गुळाची पुडी तीच.